जोखीम मूल्यांकन पहिल्यांदाच करताय? मशीनजवळून सुरुवात करा

कामाच्या जागेच्या सुरक्षेची नव्याने जबाबदारी आलेल्या माणसाला एक दिवस निरोप येतो: ‘ऑडिट आहे, जोखीम मूल्यांकन तयार ठेवा.’ मग शोधाशोध होते, कुठून तरी तयार तक्ता मिळतो, त्यातलं कंपनीचं नाव बदलतं, सही होते आणि फाइल कपाटात जाते. अशा एका तक्त्यात मी बॉयलरच्या स्फोटाचा धोका वाचलाय. त्या ठिकाणी बॉयलरच नव्हता. ज्या शिडीवर चढून माणसं रोज काम करत होती, तिचा मात्र कुठे उल्लेख नव्हता.

हा लेख त्या नवख्या माणसासाठी आहे: छोट्या वर्कशॉपचा मालक, एचआरमध्ये बसून सुरक्षेचंही बघणारी व्यक्ती, शिफ्टचा सुपरवायझर, गोदामाचा मॅनेजर. मोठे रासायनिक प्रकल्प आणि खाणी यांचं शास्त्र वेगळं आहे. ते काम तज्ज्ञांचं, त्यात इथे शिरत नाही. पण साधं उत्पादन, साठवण, पॅकिंग, दुरुस्ती, बांधकामाची छोटी कामं, ऑफिस अशा ठिकाणी पहिलं मूल्यांकन तुम्ही स्वतः करू शकता. किंबहुना तुम्हीच करायला हवं.

आधी कायद्याचं बघू

कायदे देशागणिक वेगळे असले तरी गेल्या ५० वर्षांत त्यांचा सांगाडा बराच सारखा झालाय. ब्रिटनमध्ये लॉर्ड रोबेन्स यांच्या समितीने १९७२ मध्ये अहवाल दिला. त्याचा रोख असा होता की प्रत्येक यंत्रासाठी वेगळा नियम लिहीत बसण्यात अर्थ नाही. जे जोखीम निर्माण करतात आणि जे त्या जोखमीत काम करतात त्यांनीच ती सांभाळली पाहिजे. त्यातून १९७४ चा कायदा आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याचा करार क्रमांक १५५ हा १९८१ चा. युरोपीय समुदायाचा १९८९ चा निर्देश आणखी पुढे गेला आणि जोखमीचं मूल्यांकन करणं हेच मालकाचं कर्तव्य ठरलं. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हा कामाच्या ठिकाणचा मूलभूत हक्क मानला.

भारतात १९४८ चा कारखाने अधिनियम होताच. १९८४ ला भोपाळ घडलं आणि १९८७ च्या दुरुस्तीने त्यात कलम ७अ आलं, म्हणजे मालकाची सर्वसाधारण कर्तव्यं एका जागी लिहिली गेली. घातक प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरणही त्याच दुरुस्तीतलं. आता त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेने घेतलीय. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिचं कलम ६ सांगतं की इजा किंवा व्यवसायजन्य आजार होईल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवा. तपशिलाचे नियम तुमच्या सरकारचे असतात, ते मुळातून वाचा.

नवख्याने या सगळ्यातून तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी चालतील.

पहिली, जबाबदारी मालकाची आहे आणि ती कुणाच्या गळ्यात घालता येत नाही. सेफ्टी ऑफिसर नेमला, बाहेरचा सल्लागार बोलावला, काम कंत्राटदाराला दिलं, तरी मालक सुटत नाही. युरोपच्या निर्देशात हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत आहे. म्हणून मूल्यांकनाच्या कागदावर खर्च मंजूर करू शकणाऱ्या माणसाची सही हवी. ज्याच्या हातात पैसा नाही त्याच्या सहीने उपाय होत नाहीत.

दुसरी, सुरक्षेचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही. करार १५५, युरोपचा निर्देश, भारताची संहिता, तिन्हीकडे हे स्पष्ट आहे. सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापले जात असतील तर मूल्यांकनाच्याही आधी ते थांबवा.

तिसरी, कामगाराला माहिती मिळण्याचा, विचारलं जाण्याचा आणि जिवावर बेतेल असा धोका समोर दिसला तर तो कळवण्याचा हक्क आहे. करार १५५ प्रमाणे अशा प्रसंगी सबळ कारणाने काम सोडून बाजूला झालेल्या माणसावर त्याबद्दल कारवाई करता येत नाही. कामगाराची स्वतःची कर्तव्यंही कायद्यात आहेत: नियम पाळणं, दिलेली साधनं वापरणं, दुसऱ्याचा जीव धोक्यात न घालणं. पण त्यांची आठवण काही मॅनेजरांना फक्त अपघातानंतर होते.

शिक्षेचं थोडक्यात. भारताच्या संहितेत कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि त्या दंडातली निदान अर्धी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

धोका आणि जोखीम

हा फरक एकदा पक्का करा, नाहीतर पुढचा तक्ता गोंधळाचा होईल. इजा करू शकेल अशी गोष्ट म्हणजे धोका: फिरणारा बेल्ट, ॲसिडचा कॅन, उंची, आवाज. त्या धोक्यातून कुणाला, किती सहज आणि किती गंभीर इजा होईल, ती झाली जोखीम. कुलूपबंद कपाटातलं ॲसिड आणि पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं ॲसिड, धोका एकच. जोखीम कुठे आहे ते सांगायला नको.

पायरी १: कामांची यादी करा

बरेचजण इमारतीच्या नकाशावरून सुरुवात करतात: स्टोअर, शॉप फ्लोअर, ऑफिस, पार्किंग. त्यापेक्षा कामं लिहा, क्रियापदासकट. ‘स्टोअर’ लिहिलं की डोळ्यासमोर फक्त रॅक येतात. ‘ट्रक रिकामा करणे’, ‘वरच्या रॅकवरून पॅलेट उतरवणे’, ‘फोर्कलिफ्टची बॅटरी चार्जिंगला लावणे’ असं लिहिलं की माणूस दिसतो, त्याचे हातपाय कुठे आहेत ते दिसतं. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते हेही मग आठवतं आणि चार्जरच्या डोक्यावर हवा खेळती आहे का, हा प्रश्न आपोआप पडतो.

यादीत रोजची कामं सगळेच लिहितात. अपघात बहुतेक वेळा आडबाजूच्या कामात असतात: जाम झालेला माल काढणं, बेल्ट बदलणं, टाकी साफ करणं, छपरावरचा पत्रा बदलणं, लाइट गेल्यावर पुन्हा मशीन चालू करणं, रात्रपाळीत एकट्याने केलेली दुरुस्ती. ही कामं कुठल्याच वेळापत्रकात नसतात. ती मिळवायला मेंटेनन्सचं ब्रेकडाउन रजिस्टर उघडा, प्रथमोपचार पेटीची नोंदवही उघडा. एकाच लाइनवर वारंवार पट्टी बांधली गेली असेल तर तुमचं पहिलं काम तिथेच आहे.

पायरी २: फिरा, बघा, करून दाखवायला सांगा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीचं टेबलावर होतं.

एक उदाहरण जवळून बघू. पॅकिंग लाइनवर कन्व्हेयर आहे. शेवटच्या रोलरजवळ बोट आत ओढलं जाईल अशी फट आहे, म्हणून तिथे जाळीचा गार्ड बसवलाय. चार बोल्ट. तुम्ही पहिल्यांदा जाता तेव्हा गार्ड जागेवर आहे, तक्त्यात ‘गार्ड आहे’ अशी टिक करून पुढे जाता येईल. जरा वाका आणि बोल्ट बघा. दोन बोल्ट गायब आहेत, आणि उरलेल्या दोघांची डोकी रोज स्पॅनर लागून घासली गेल्यासारखी चकचकीत आहेत. ऑपरेटरच्या खिशात त्याच मापाचा स्पॅनर आहे.

आता ‘गार्ड कोण काढतं?’ असं विचारलंत तर उत्तर येणार नाही. कुणीच काढत नाही. त्याऐवजी म्हणा, ‘दादा, बॉक्स अडकला की काय करता ते जरा दाखवा ना, मशीन बंद ठेवून.’ आणि विचारताना सुपरवायझर शेजारी उभा नसेल हे बघा. मग कळतं: बॉक्सचं झाकण नीट चिकटत नाही, ते उघडून रोलरमध्ये तिरकं होतं, शिफ्टमध्ये अनेकदा असं होतं. दर वेळी चार बोल्ट काढून परत लावायचे तर टार्गेट बुडतं. म्हणून दोनच बोल्ट. पुष्कळदा मशीन चालूच ठेवून हात घातला जातो, कारण बंद केलं की मागची लाइन तुंबते आणि वरून ओरडा बसतो.

इथे ‘कामगार निष्काळजी आहे’ असं लिहून मोकळं होणारे खूप भेटतील. पण बघितलंत तर मूळ गोष्ट डिंकाची आहे. ती पायरी ५ मध्ये कामाला येईल.

फिरताना डोळ्यांना दिसतं तेवढंच धरू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ३० लाख माणसं कामामुळे मरतात, आणि त्यातले सुमारे २६ लाख मृत्यू आजारांनी होतात. अपघाताचे सुमारे ३ लाख ३० हजार. तरीही नवख्याचा तक्ता बघावा तर सगळा घसरणं, पडणं, कापणं यांनीच भरलेला. धूळ, धूर, आवाज, उष्णता, कंपन, ओझं, सतत एकाच जागी मान वाकवून काम, कामाचे लांबलेले तास हे रक्त काढत नाहीत, म्हणून यादीत येत नाहीत.

आवाजासाठी एक सोपी चाचणी आहे. हातभर अंतरावर उभ्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथली पातळी ८५ डेसिबलच्या वर असण्याची शक्यता आहे, आणि रोजचे आठ तास तिथे घालवले तर कान हळूहळू जातात. डेसिबलचं गणित फसवं असतं. ८५ चे ८८ झाले तर ‘तीनच वाढले’ असं वाटतं, पण ध्वनीची ऊर्जा दुप्पट झालेली असते. दगड, टाइल, काँक्रीट कोरड्याने कापताना उडणारी बारीक धूळ तशीच. तिच्यातल्या सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि फुप्फुसात जाणारे कण इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. धूळ खाली बसली म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही.

रसायनांच्या बाबतीत प्रत्येक डब्याची सुरक्षा माहिती पत्रिका मागवा. ‘एसडीएस’ म्हटलं की पुरवठादाराला कळतं. ती १६ भागांची असते. सगळी वाचायचा कंटाळा येणारच, पण भाग २ मध्ये धोके, भाग ४ मध्ये प्रथमोपचार आणि भाग ८ मध्ये संपर्क टाळायचे उपाय असतात, तेवढे तरी वाचा. साफसफाईचं सामानही यात धरा. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो, आणि हे दोन्ही कॅन बहुतेक ठिकाणी एकाच कोपऱ्यात, एकाच बादलीशेजारी असतात.

पायरी ३: कोणाला

प्रत्येक कामासमोर माणसं लिहा. नावं नकोत, गट पुरेत. ऑपरेटर आठवतोच. विसरले जातात ते असे: झाडू मारणाऱ्या मावशी, ज्या शिफ्ट संपल्यावर मशीनखाली वाकतात, कंत्राटी हेल्पर, ज्यांना आल्या दिवशीच कामाला लावलं जातं, ट्रकचे ड्रायव्हर, शिकाऊ मुलं, गरोदर महिला, एकटं काम करणारा वॉचमन, ज्याला फलकावरची भाषा वाचता येत नाही तो. कंत्राटदाराची माणसं तुमच्या आवारात असतील तर दोन्ही मालकांनी आपापले धोके एकमेकांना सांगणं हे चांगल्या कायद्यांत बंधनकारक असतं. खाली तुमचा माणूस काम करतोय आणि वर कंत्राटदाराचा वेल्डर ठिणग्या उडवतोय हे दोघांपैकी कुणाच्याच कागदावर नसतं.

पायरी ४: किती, हे ठरवा पण आकड्यांत अडकू नका

प्रचलित पद्धत अशी: शक्यतेला १ ते ५, परिणामाच्या गंभीरतेला १ ते ५, दोन्हींचा गुणाकार. १५ च्या वर लाल, मधले पिवळे, बाकी हिरवे. कुठला रंग किती आकड्याला हे कंपनीगणिक बदलतं.

तक्ता वापरायला हरकत नाही, त्याने कामांचा क्रम लावता येतो. पण एक खोट ओळखून असा. शक्यता १ आणि गंभीरता ५ म्हणजे गुणाकार ५. शक्यता ५ आणि गंभीरता १ म्हणजेही ५. पहिल्यात माणूस मरतो, दुसऱ्यात बोटाला खरचटतं, आणि तक्त्यात दोघांचा रंग हिरवा. म्हणून माझं मत असं की ज्यात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व येऊ शकतं ती कामं गुणाकार करण्याआधीच वेगळी काढा आणि आकडा काहीही आला तरी आधी हाताळा.

दुसरी खोट ‘उपायानंतरचा आकडा’ या रकान्यात असते. हार्नेस (उंचीवर अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) दिला म्हणून गंभीरता ५ वरून २ केलेली दिसते. बारा फुटांवरून पडल्यावर काय होतं ते प्रशिक्षणाने किंवा फलकाने बदलत नाही. फार तर पडण्याची शक्यता कमी होते. हार्नेससुद्धा, तो घातलेला असेल आणि भक्कम जागी अडकवलेला असेल तरच उपयोगाचा. हा रकाना भरताना लोक उत्तर आधी ठरवतात आणि आकडे मागून बसवतात, तेव्हा ऑडिटरचा डोळा इथेच जातो.

पायरी ५: उपाय वरून खाली

उपायांचा एक क्रम जगभर मानला जातो. आधी धोका मुळातच काढून टाकता येतो का बघायचं. नसेल तर कमी घातक गोष्ट वापरायची. तेही नसेल तर गार्ड, धूळ ओढणारा फॅन, कठडा, इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन बंद करणारी सोय) अशी रचना करून माणूस आणि धोका वेगळे करायचे. त्यानंतर कामाची पद्धत, परमिट (काम सुरू करण्याआधीची लेखी परवानगी), प्रशिक्षण, पाळ्या बदलणं. आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट, मास्क, हातमोजे.

प्रत्यक्षात हा क्रम उलटा चालतो. हातमोजे लगेच मिळतात, स्वस्त असतात आणि फोटोत दिसतात. पण फिरत्या ड्रिलजवळ हातमोजाच बोट आत ओढून नेतो. मास्क दाढीवर नीट बसत नाही, घामाने भिजतो, दुपारनंतर गळ्यात येतो. वैयक्तिक साधनं सगळा भार ज्याच्या डोक्यावर धोका आहे त्याच्यावरच टाकतात. गार्ड मात्र तो दमलेला असतानाही काम करतो.

आपल्या कन्व्हेयरकडे परत येऊ. सगळ्यात वरचा उपाय: झाकण नीट चिकटलं तर बॉक्स अडकणार नाही, मग हात घालायचं कारणच उरत नाही. डिंक बदला, नाहीतर तो लावणारा भाग दुरुस्त करा. दुसरा: बोल्टवाल्या गार्डऐवजी बिजागरीचा गार्ड आणि त्याला इंटरलॉक, उघडला की कन्व्हेयर बंद. उघडायला दोन सेकंद लागतात, म्हणून इंटरलॉक बांधून ठेवायचा मोहही कमी. तिसरा: अडकलेला बॉक्स काढण्याआधी वीज तोडून स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात. चौथा: मागची लाइन तुंबली तर ओरडायचं नाही, हे सुपरवायझरला लेखी सांगायचं. हा चौथा उपाय तक्त्यात लिहायला विचित्र वाटतो, पण तो नसेल तर तिसरा दुसऱ्याच दिवशी मोडतो. कापण्यापासून वाचवणारे हातमोजे या यादीत मी घेतलेच नाहीत. रोलरच्या फटीजवळ ते नुकसानच करतील.

कुलूप लावायच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. नुसता ‘काम चालू आहे’ असा टॅग लावून भागत नाही, कारण टॅग स्विच अडवत नाही. मशीनवर जितकी माणसं तितकी कुलपं, आणि प्रत्येकाची चावी त्याच्याकडेच. कुलूप लावल्यावर स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच मेलंय याची खात्री करायची. वीज तोडली तरी दाबलेली स्प्रिंग, हवेचा दाब, वर उचललेला जड भाग यांच्यात ऊर्जा शिल्लक असते. ती सोडल्याशिवाय हात घालायचा नाही.

एक काम मात्र असं की जिथे नवख्याने स्वतःच्या डोक्याने उपाय ठरवूच नये: टाकी, मॅनहोल, गटार, खड्डा, सायलो अशा बंदिस्त जागेत उतरणं. आत काय आहे ते वासावरून कळत नाही. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास कमी प्रमाणात येतो, प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो, आणि माणसाला वाटतं वायू गेला. रिकाम्या लोखंडी टाकीत नुसता गंज चढतानाही ऑक्सिजन खर्च होतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा धोकादायक धरतात. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. इथे परमिट, बाहेरून वायू मोजणं, सतत हवा, वर थांबलेला माणूस आणि आत न उतरता वर ओढून घ्यायची सोय, एवढं असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. तुमच्याकडे हे नसेल तर ते काम बाहेरच्या प्रशिक्षित लोकांना द्या, आणि त्यांच्याकडे हे सगळं आहे का तेही तपासा.

मग प्रश्न येतो, किती खर्च करायचा? ‘जितकं वाजवीपणे शक्य आहे तितकं’ असा शब्दप्रयोग ब्रिटनच्या कायद्यात आहे, भारताच्या संहितेतही आहे. त्याचा अर्थ १९४९ च्या एका ब्रिटिश खटल्यात ठरला. खाणीतल्या रस्त्याची बाजू कोसळून कामगार मेला होता आणि सगळे रस्ते टेकू देऊन सुरक्षित करणं परवडणार नाही असा बचाव होता. न्यायालयाने सांगितलं की तराजूच्या एका पारड्यात जोखीम ठेवा आणि दुसऱ्यात उपायाचा पैसा, वेळ, त्रास. जोखमीच्या मानाने खर्च अगदीच बेसुमार असेल तरच मालक सुटतो. म्हणजे पारडी जवळजवळ समान असतील तर उपाय करायचाच. ‘बजेट नाही’ हे या तराजूत बसत नाही, कारण प्रश्न तुमच्या खिशाचा नसून जोखमीच्या मानाने खर्च किती, हा आहे.

पायरी ६: लिहा, पण कामाचं लिहा

ब्रिटनमध्ये ५ किंवा अधिक माणसं असतील तर मूल्यांकनातली महत्त्वाची निरीक्षणं लिहून ठेवावीच लागतात. तुमच्याकडे सक्ती असो वा नसो, लिहा. नंतर कुणी विचारलं तर तोंडी आठवणींना किंमत नसते.

वाईट नोंद अशी दिसते: ‘कन्व्हेयर. मशीनपासून इजा. काळजी घ्यावी. जबाबदारी: सर्व.’ सर्वांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही.

कामाची नोंद अशी: ‘पॅकिंग लाइन, शेवटचा रोलर. अडकलेला बॉक्स चालू मशीनमधून हाताने काढला जातो. बोटं चिरडण्याचा धोका. ऑपरेटर, हेल्पर, साफसफाई कर्मचारी. सध्या: बोल्टचा गार्ड, दोन बोल्ट नाहीत. आजपासून: मशीन बंद करून कुलूप लावल्याशिवाय बॉक्स काढायचा नाही, शिफ्ट सुपरवायझर बघेल. पंधरा दिवसांत: डिंकाच्या भागाची दुरुस्ती, मेंटेनन्स प्रमुख. दोन महिन्यांत: इंटरलॉकचा गार्ड, खर्च मंजुरी फॅक्टरी मॅनेजर.’

फरक तारखांत आणि पदांत आहे. पक्का उपाय व्हायला वेळ लागणार असेल तर मधल्या काळात काय, हे लिहिलेलं हवं. आणि मधला उपाय भरवशाचा नसेल तर मशीन बंद ठेवायचं.

लिहून झालं की ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना सांगा, त्यांच्या भाषेत, मशीनपाशी उभं राहून. शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटांची बैठक यासाठी पुरते. सूचना फलकावर चिकटवलेला बारीक अक्षरांचा तक्ता कुणी वाचत नाही.

पायरी ७: पुन्हा कधी

वर्षातून एकदा ही तारीख सोयीची, पण तेवढ्यावर थांबू नका. नवं मशीन आलं, माल बदलला, डिंक बदलला, शिफ्ट वाढली, नवी माणसं आली, थोडक्यात वाचलो असा प्रसंग घडला, की तेवढी नोंद उघडून बघा. थोडक्यात वाचल्याचे प्रसंग कळवणाऱ्याला शाबासकी द्या. पहिल्या कळवणाऱ्यालाच मेमो मिळाला तर दुसरा कधीच येणार नाही.

आवाज किंवा धूळ मोजणं, क्रेन, लिफ्ट आणि प्रेशर व्हेसल तपासणं, विजेची अर्थिंग बघणं, कामगारांची कान आणि फुप्फुसांची तपासणी हे तुम्ही अंदाजाने करू नका. त्यासाठी पात्र माणूस बोलवा आणि त्याचा अहवाल मूल्यांकनाला जोडा. अहवालात सुधारणा सुचवल्या असतील तर त्यांनाही तारीख आणि पद द्या. सुचवलेलं माहीत असून केलं नाही, हे माहीतच नसण्यापेक्षा न्यायालयात जास्त महागात पडतं.

आणि अपघात झालाच तर

आधी माणूस. मशीन थांबवणं, प्रथमोपचार, दवाखाना. मग जागा तशीच ठेवा, फोटो काढा, पाहिलेल्यांशी त्याच दिवशी बोला. कळवायची मुदत कायद्याप्रमाणे वेगळी: भारतात मृत्यू झाला किंवा इजेमुळे माणूस ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर अधिकाऱ्यांना सूचना द्यावी लागते, ब्रिटनमध्ये सलग ७ दिवसांहून जास्त काळ काम करता आलं नाही तर १५ दिवसांत. गंभीर घटनांना याहून तातडी असते. तुमच्या ठिकाणची मुदत, फॉर्म आणि कार्यालयाचा नंबर आत्ताच शोधून गेटवर आणि मॅनेजरच्या टेबलावर लावून ठेवा.

त्या दिवशी कुणीतरी नक्की सुचवेल की मूल्यांकनात ती नोंद नव्हती, जुन्या तारखेने घालून टाकू. घालू नका. संगणकात फाइल कधी बदलली याची नोंद राहते, कामगारांना त्या प्रशिक्षणाबद्दल विचारलं की दोन मिनिटांत खरं बाहेर येतं, आणि हलगर्जीपणाच्या खटल्यात बनावट कागदाचा दुसरा गुन्हा जोडला जातो. कालचा कागद कालचा म्हणून राहू द्या, त्याची प्रत वेगळी ठेवा, आणि नवी नोंद आजच्या तारखेने, आजच्या सहीने लिहा.